रंगूआत्याचं नववं पुस्तक

कुमुद शेणोलीकर यांचं नववं पुस्तक बाजारात आलं, ही बातमी खुद्द कुमुदबाईंना शेजारच्या जैनबभाभींनी दिली. सकाळचे दहा वाजले असतील. बाई पायरीवर बसून मेथी निवडत होत्या, आणि भाभी आपली वाचनपाटी ओढणीच्या टोकाने पुसत समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, नववं आलं आणि शेजारणीला साधं सांगायला नको?"

"कसलं नववं?"

"रंगूआत्याचं. परवाच आलं. काल दुपारी वाचायला बसले ते संध्याकाळी उठले. घरच्यांना खिचडीवर भागवलं."

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. नववं पुस्तक त्यांनी लिहून पुरं केलं होतं, हे खरं. पण ते एकशे सत्तर कागद दीड महिन्यापूर्वी त्यांनी विलासच्या हातात दिले होते, आणि विलास तर परवापर्यंत म्हणत होता की टायपिंगला अजून हातही लावलेला नाही, तहसिलात प्रतिज्ञापत्रांची गर्दी आहे. मग हे आलं कुठून?

"जरा शेवट वाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

भाभींनी वाचून दाखवला. तेलाच्या घाण्यावरचा चोर सापडतो. रंगूआत्या त्याची मानगूट धरते, चौकात आणून उभा करते, चार शब्द सुनावते आणि पोलिसांच्या हवाली करते. गाव टाळ्या वाजवतं. संपलं.

"जेवायला नाही घातलं त्याला?"

"तेच तर म्हणते मी. दोनदा मागं जाऊन बघितलं, एखादं पान सुटलं की काय. मग म्हटलं, ताईंनी या खेपेला काहीतरी नवीन केलं असेल."

बाईंनी मेथी खाली ठेवली, हात झटकले आणि चपला घातल्या. डोकं उघडं आहे, ऊन वर आलंय, याचं त्यांना भानही नव्हतं.

आता रंगूआत्या कोण, हे आधी सांगायला हवं, नाहीतर एका चोराला जेवायला घातलं काय नि न घातलं काय, त्याचं एवढं कसलं कौतुक असं वाटायचं. रंगूआत्या म्हणजे एका खेड्यातली निवृत्त पोस्टमनबाई. तीस वर्षं घरोघरी पत्रं वाटल्यामुळे तिला सगळ्या गावाची आतली खबर. गावात चोरी झाली की ती हिंडते, बोलते, दारातल्या चपला बघते आणि चोर शोधून काढते. पण शोधल्यावर पकडत नाही. त्याला ओसरीवर बसवते, पिठलं-भाकरीचं ताट पुढे ठेवते आणि म्हणते, "आधी जेव. मग बोलू." तो जेवतो. अर्ध्या भाकरीवर आला की आपणहून सगळं सांगून टाकतो. मग आत्या चपला पायात सरकवते आणि त्याच्या जोडीने चालत चौकीपर्यंत जाते. आठ पुस्तकांत हे आठ वेळा झालं होतं, आणि वाचणारे त्या ताटाची वाट बघत वाचायचे. कराडच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या कुमुदबाईंना लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, आत्या बरी आहे ना. बाईंचं सगं म्हणावं असं एवढंच होतं.

आता बाई विलासकडे पोचेपर्यंत डोळसबद्दलही सांगून टाकतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

पंधराएक वर्षांपूर्वी यंत्रं पुस्तकं लिहायला लागली, आणि बघता बघता अशी लिहायला लागली की दिवसाला हजार कादंबऱ्या पडू लागल्या. कुणी लिहिली, माणसाने की यंत्राने, कळायला मार्ग उरला नाही. वाचणारे विटले. दूध आहे की पिठाचं पाणी हे सांगणारं कुणी असेल तरच पेला तोंडाला लावायचा, असं त्यांचं झालं. तेव्हा डोळस नावाची कंपनी पुढे आली. तिने म्हटलं, आम्ही सांगतो.

कसं सांगणार? तर डोळ्यांवरून. आपल्याला वाटतं आपली नजर ओळीवरून सरळ सरकते. तसं नसतं. डोळा उड्या मारत जातो, सेकंदाला तीन-चार उड्या, आणि मध्ये क्षणभर थांबतो. कुठे थांबतो, किती थांबतो, किती वेळा मागे वळतो, हे प्रत्येकाचं आपापलं असतं, चालण्यासारखं. एवढंच नव्हे, माणूस नवं वाक्य रचत असेल तर त्याची नजर एका तऱ्हेने हिंडते: कोऱ्या जागेवर जाऊन थबकते, मागच्या शब्दावर येते, पुन्हा पुढे जाते. समोरचा कागद उतरवून काढत असेल तर दुसऱ्याच तऱ्हेने: कागद, पडदा, कागद, पडदा. डोळसच्या लेखनपाटीत वरच्या कडेला एक बारीक भिंग असतं. तुम्ही लिहीत असता तेव्हा ते सतत तुमच्या डोळ्यांची नोंद घेत राहतं. पुस्तक पुरं झालं की त्या नोंदीवरून ठरतं, हे माणसाने स्वतः रचलं, आणि मग पुस्तकावर शिक्का बसतो. पुढे सरकारनेही हाच शिक्का ग्राह्य धरला.

इथवर सगळं छान. खोच पुढे होती. शिक्का हवा तर पुस्तक फक्त डोळसवर विकायचं, दुसरीकडे कुठेही नाही, कागदावरसुद्धा नाही. कराराचं नाव ठेवलं होतं एकनिष्ठा. सोडून जायचं तर खुशाल जा, पण डोळ्यांची नोंद आमची, ती आमच्याकडेच राहणार. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की तुम्ही लेखक असल्याचा पुरावाच नाही. वाचणाऱ्यांचंही तेच. जैनबभाभींची चारशे पुस्तकं त्या पाटीत होती, आणि ती दुसऱ्या कुठल्याही पाटीवर उघडत नव्हती. भाभी कुरकुरायच्या, पण चारशे पुस्तकं टाकून जाणार कुठे?

विलास तोडकरचं श्रीमुद्रा डीटीपी सेंटर तहसील कचेरीच्या समोर होतं. विलास पन्नाशीला आलेला. पाचवी ते सातवी बाईंच्या वर्गात होता, तेव्हापासून त्यांना बाईच म्हणायचा. बाईंची अगदी पहिली गोष्ट त्यानेच टाइप केली होती.

"नववं पुस्तक कुणी लिहिलं, विलास?" बाईंनी दारातूनच विचारलं.

विलासने एका गिऱ्हाइकाला प्रतिज्ञापत्र देऊन वाटेला लावलं. मग स्टूल पुसून पुढे केलं. बाई बसल्या नाहीत.

"बाई, सांगणारच होतो."

"सांग मग."

"डोळसवाल्यांनी मागं विचारलं होतं ना, यंत्राने लिहिलेली रंगूआत्या नजरेखालून घालाल का, लेखकाची नजर फिरली की संमती धरून तुमच्या नावावर काढू. तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाही म्हटलं. पुढे?"

"पुढं पाटीवर पुन्हा निरोप आला. मी बसलो आणि बघितलं."

बाईंना आता सगळं समजलं, आणि समजल्यावर त्या बसल्या.

कारण डोळसच्या दप्तरी कुमुद शेणोलीकर या नावापुढे जे डोळे होते, ते बाईंचे नव्हतेच. ते विलासचे होते. आणि हे काम दोघांनी मिळून केलेलं होतं.

बाईंची लिहिण्याची रीत अशी. गोष्ट त्या डोक्यात रचायच्या. पाणी भरताना, भाजी निवडताना, परीक्षेला पहारा देताना, चार चार दिवस एकेक प्रकरण मनात घोळवायच्या, शब्द अन् शब्द जागेवर बसवायच्या. मग शाळेतून आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एका बैठकीत उतरवून टाकायच्या, एक खाडाखोड नाही. कागद विलासकडे जायचे. टाइप होऊन परत आले, बाईंनी एकदा तपासले, की रवानगी थेट बंबात. आंघोळीचं पाणी त्यावर तापायचं. विलास एकदा म्हणालाही होता, बाई, हे कागद ठेवा. बाई म्हणाल्या, पुस्तक झालं ना, मग टरफलं कशाला साठवायची.

डोळस आलं तेव्हा बाईंनी लेखनपाटीपुढे बसून बघितलं. अर्ध्या तासात उठल्या. कुणी असं टक लावून बघत असताना मला अक्षर सुचत नाही, म्हणाल्या. मग नेहमीसारखं विलासनेच टाइप केलं. पाटीने निकाल दिला: नक्कल. साहजिक होतं, त्याची नजर कागद-पडदा, कागद-पडदा करत होती. तेव्हा विलासने डोकं चालवलं. तो बाईंचं एक पान पूर्ण पाठ करायचा, कागद पालथा घालायचा, आणि आठवून आठवून टाइप करायचा. आठवणारा माणूसही कोऱ्या जागेवर थबकतो, मागे वळतो, पुन्हा पुढे जातो. पाटीने मुकाट्याने शिक्का दिला. त्या दिवशी दोघांनी भजी मागवली होती. यंत्राला कसं बनवलं म्हणून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

अशी आठ पुस्तकं झाली. आठही विलासला तोंडपाठ होती.

"तू ते वाचलंस?" बाईंनी विचारलं. "आत्या त्या पोराला उपाशी चौकीत नेते, ते वाचलंस?"

विलास टेबलावरचे कागद एकावर एक रचू लागला.

"वाचलंस आणि जाऊ दिलंस?"

"खरं सांगू? वाचलं नाही बाई. नुसती नजर फिरवली. तेवढंच लागतं त्यांना."

बाईंना वाटलं होतं, तो म्हणेल धमकी आली, म्हणेल अडचण होती, पोरीचं लग्न आहे. काहीतरी म्हणेल. नजर फिरवली, म्हणाला. ज्या पोराने त्यांचं पानन् पान पाठ केलं होतं, ज्याला आत्याच्या ओसरीवर किती फरश्या आहेत हेही माहीत होतं, त्याने आत्याकडे नुसती नजर फिरवली. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि ते बाईंना तिथल्या तिथे, त्या स्टुलावर बसल्या बसल्या लागलं.

"का?" त्या म्हणाल्या.

विलासने दुकानाचं दार लोटून घेतलं. "बाई, आठ पुस्तकांत माझं नाव कुठंय?"

"घालणार कसं? घातलं असतं तर बिंग फुटलं नसतं?"

"ते मला कळतंय. तरीपण. पंचवीस वर्षं मी लोकांचं टाइप करतोय. मृत्युपत्रं, निवेदनं, लग्नपत्रिका. पाटीवर निरोप आला तेव्हा वर लिहिलं होतं, आदरणीय लेखक. मला माहीत होतं ते तुम्हाला आहे. पण वाचले माझ्या डोळ्यांनी."

"माझे कागद दे."

"घरी आहेत. आणतो."

"नक्की आहेत ना?"

"आहेत बाई. ते मी वाचलेत. दोनदा."

बाई निघून आल्या. त्या दिवशी त्यांना रडू आलं नाही, नुसता राग येत राहिला, आणि त्या रागात त्यांनी मेथी तिखटाने जाळून टाकली.

दोन दिवसांनी कुमुदबाई पुण्याला डोळसच्या कचेरीत गेल्या. काचेची मोठी इमारत, आत गारठा. मृण्मयी घाटपांडे नावाच्या तपासणी अधिकारी होत्या, वयाने तिशीच्या, बोलायला गोड.

"मॅडम, नवव्या पुस्तकाला लेखकाची संमती आहे. एक तास अकरा मिनिटं नजर नोंदलेली आहे."

"ती माझी नजर नाही."

"मग आपली कुठली?"

बाईंनी खरं तिथेच सांगायचं का, याचा विचार केला. पण सांगितलं तर आठही पुस्तकं फसवणुकीची ठरतील. त्यांनी आधी विचारून घेतलं. "समजा एखाद्याने शिक्का फसवून घेतला असला, तर काय होतं?"

"त्या नावावरच्या सगळ्या पुस्तकांचे शिक्के रद्द होतात आणि ती विक्रीतून, वाचकांच्या पाट्यांमधूनही काढावी लागतात. तो सरकारी नियम आहे, आमच्या हातात काही नाही. का विचारलंत?"

"सहज."

मृण्मयीताईंनी एक उपाय सुचवला. नजर-चाचणी द्या. इथेच पाटीवर एक पान लिहा, काहीही, अगदी नवं. आपण लेखक आहात हे यंत्रच सांगेल, मग पुढचं बोलू. बाईंच्या जिवात जीव आला. टक लावून बघणाऱ्या यंत्राची भीती होती, पण येताना एसटीत त्यांनी कराड ते शिरवळ एक आख्खं पान मनात रचलं होतं: आत्या सकाळी उठते, अंगण झाडते, आणि उंबऱ्यावर कुणाची तरी एकच चप्पल पडलेली तिला दिसते. चांगलं जमलं होतं. त्यांनी पाटीवरची काडी पेन्सिलीसारखी धरली आणि ते पान उतरवून काढलं. एक अक्षर अडलं नाही. अकरा मिनिटांत पान भरलं, आणि बाईंनी काडी खाली ठेवली.

मृण्मयीताईंनी पडदा बाईंकडे वळवला. बाईंच्या लिहिण्यावर त्यांच्या नजरेचे ठिपके उमटले होते, एकामागोमाग एक, ओळीने.

"हे बघा मॅडम. आपण कुठेच थबकला नाहीत. एकदाही मागे वळला नाहीत. रचणारा माणूस अडखळतो. आपली नजर पुढेच जात राहिली." त्यांनी खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. "यंत्राचा निकाल आहे, नक्कल. शंभरात सत्त्याण्णव खात्री. आणि ही आमच्याकडची लेखकाची नोंद."

शेजारी दुसरं पान उमटलं. ठिपके सैरावैरा पसरलेले, एका शब्दावर झुंबड, मग मागे, मग कोऱ्या जागेत तिष्ठत उभे. विलास आठवत होता. पान आठवता आठवता घाम फुटलेला विलास बाईंना त्या ठिपक्यांत स्पष्ट दिसला.

"मी आधीच रचून आणते," बाई म्हणाल्या. "डोक्यात. लिहायला बसते तेव्हा माझं अडखळून झालेलं असतं."

"असेल मॅडम. पण ते यंत्राला दिसत नाही."

"मग जे दिसत नाही ते नाहीच?"

मृण्मयीताईंनी पडदा बंद केला. त्यांनी चहा मागवला. बाईंना वाईट एवढंच वाटलं की ती पोरगी खोटं बोलत नव्हती. ती आपल्या यंत्रावर विश्वास ठेवून होती, आणि उठताना मनापासून म्हणाली, "काळजी करू नका, आम्ही खऱ्या लेखकाचा शोध घेऊ."

आणि घेतला की त्यांनी, नोंदीतल्या डोळ्यांचा माग काढत.

आठवड्याने जैनबभाभी पुन्हा दारात आल्या. या वेळी त्यांनी पाटी नुसती पुढे केली. वर रंगूआत्याची नऊ पुस्तकं ओळीने मांडलेली होती, आणि नऊच्या नऊ पुस्तकांवर लेखकाच्या जागी विलास तोडकर असं लिहिलं होतं. ही पुस्तकं भाभींनी इतक्या वर्षांत एकेक करून घेतलेली. त्यांच्याच पाटीत, त्यांच्या घरात, फडताळावर ठेवलेली. तरी नाव बदललं होतं.

"मला न विचारता," भाभी म्हणाल्या. "माझ्या घरातलं पुस्तक आहे, ताई. पहिल्या पानावर तुम्ही सही केलेली होती ना, काडीने, ती पण नाही. असं कसं करतात?"

बाईंनी पाटी हातात घेतली. बराच वेळ त्या पहिलं पान बघत राहिल्या. नाव बदलायचं तर ज्याचे डोळे, त्याने हो म्हणावं लागतं, हे त्यांना पुण्यातच कळलं होतं. म्हणजे विलासला विचारलं गेलं होतं, आणि विलास हो म्हणाला होता. या वेळी मात्र नुसती नजर फिरवून भागलं नसणार.

भाभी आत येऊन बसल्या. बाई रडल्या, आणि भाभींनी त्यांना रडू दिलं. नंतर डोळे पुसून बाईंनी चहा टाकला, आणि भाभी गेल्यावर एक कोरा कागद घेतला. पाठकोरा नाही, दोन्हीकडून कोरा. पत्र त्यांनी डोक्यात आधीच रचलेलं होतं.

पुस्तकांच्या शिक्क्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला ते पत्र होतं. कुमुद शेणोलीकर आणि विलास तोडकर या दोघांनी मिळून आठ वेळा शिक्का फसवून घेतला, असं त्यात सरळ लिहिलं होतं. कसा घेतला तेही लिहिलं होतं. पडताळा हवा असेल तर विलास तोडकर यांना कुठलंही अनोळखी पान पाठ करायला द्या आणि आठवून टाइप करायला सांगा, तुमचं यंत्र त्यांना त्याही पानाचा लेखक ठरवेल. मग त्या शिक्क्याची किंमत काय, ते तुम्ही बघा. आमच्या नऊही पुस्तकांचे शिक्के काढून घ्यावेत ही विनंती. खाली स्वतःची सही केली, आणि शेजारी दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली.

पत्र गेलं की आठही पुस्तकं भाभींच्या आणि सगळ्यांच्याच पाट्यांमधून नाहीशी होणार होती. कागदावर ती कधी छापलीच नव्हती, एकनिष्ठा होती ना. हस्तलिखितं बंबात गेली होती. बाईंच्या इतक्या वर्षांचं मग जगात काही उरत नव्हतं, विलासच्या घरचे ते एकशे सत्तर कागद आणि त्याचं पाठांतर सोडलं तर. तेलही जायचं आणि तूपही, आणि हातात धुपाटणंसुद्धा नाही. बाईंनी हे सगळं नीट बघितलं आणि पत्राची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला विलास आपणहून आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदांचा गठ्ठा, हातात पेढ्यांचा पुडा. आत येऊन तो बाईंच्या पाया पडला. एवढा बेशरमपणा असेल असं बाईंना वाटलं नव्हतं, पण तोंड बघितलं तर ते बेशरम माणसाचं नव्हतं. बक्षीस मिळालेलं पोर गुरुजींकडे येतं, तसा तो आला होता, आणि तेच जास्त लागलं.

"बाई, रागावू नका. मी हो म्हटलं नसतं तर त्यांनी पुस्तकं बेवारशी ठरवली असती. निदान घरात तर राहिली."

"कुणाच्या घरात?"

विलासने गठ्ठा पुढे ठेवला. "हे तुमचे कागद. एक विचारायचं होतं. हे खरं नववं मी टाइप करतो. आता मी करतो म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. वर नाव माझं येईल, पण आतला शब्दन् शब्द तुमचा. आत्याचा शेवट तुम्हाला हवा तसा लोकांपर्यंत जाईल. नाहीतर यंत्राचाच खरा म्हणतील सगळे."

बाईंच्या मनात ते क्षणभर आलं, नाही असं नाही. या नवव्यात आत्या म्हातारी झाली होती. चोर सापडायच्या आधीच तिने ताट वाढून ठेवलं होतं आणि ओसरीवर त्याची वाट बघत बसली होती. बाईंनी एवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतं. ते कुणीतरी वाचावं असं कुणाला वाटणार नाही? नाव काय, नाव जाऊ दे.

"आणि दहावं?" त्यांनी विचारलं.

"दहाव्याचा मसुदा आलाय त्यांचा."

"वाचलास?"

विलास पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडवू लागला.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला, फोडणीचा वास आला. विलास बाहेर भिंतीवरचं शाळेचं जुनं छायाचित्र बघत बसला. त्यात दुसऱ्या रांगेत तो होता, तेल लावून भांग पाडलेला. पंधरा मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि त्याच्यापुढे पाट मांडला. पाटासमोर ताट ठेवलं. ताटात पिठलं होतं, ज्वारीची भाकरी होती, फोडलेला कांदा होता आणि कडेला मीठ. ताटाशेजारी त्यांनी घडी उघडलेलं पत्र ठेवलं, आणि पत्रावर एक पेन.

विलासने ताटाकडे बघितलं. त्याला आठही पुस्तकं तोंडपाठ होती, त्यामुळे ताटाचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. मग त्याने पत्र वाचलं. या वेळी नजर फिरवली नाही. त्याचे डोळे एकेका शब्दावर थांबत गेले, मागे वळले, बाईंच्या सहीवर आले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन अडले, ते तिथून हलेनात.

"बाई, सगळं जाईल," तो म्हणाला. त्याचा आवाज पाचवीतल्यासारखा झाला होता. "तुमचंसुद्धा. आठच्या आठ."

"जाऊ दे."

"मग रंगूआत्या कुठं राहणार?"

"ती उपाशी माणसाला चौकीत नेऊन टाळ्या घेत हिंडण्यापेक्षा कुठंच न राहिलेली बरी."

"मी सही नाही केली तर?"

"नाही केलीस तर मी एकटीच पोस्टात जाईन. एका सहीवर कितपत ऐकतात बघू."

त्याला काहीतरी सांगायचं होतं, कदाचित माफी मागायची होती, कदाचित पुन्हा आपलं नाव कुठेच नसल्याचं गाऱ्हाणं करायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"आधी जेव," बाई म्हणाल्या. "मग बोलू."

आठ पुस्तकांत ताटावरून उठून गेलेला एकही माणूस नव्हता, हे त्या घरात दोघांनाही पाठ होतं. विलास हात धुऊन आला. मांडी घालून बसला, आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

बाईंनी कागदांचा गठ्ठा उचलला, बंबाकडे नेला नाही, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मग कोपऱ्यातल्या आपल्या चपला काढून उंबऱ्यापाशी ठेवल्या आणि त्याचं जेवण व्हायची वाट बघत बसल्या.